राज्य कोणावर? गटखेळांतून मुलांना भावनांची ओळख करून देताना

संगीत खुर्ची रंगात आलेली असते. गाणं थांबतं, दोघं एकाच खुर्चीवर टेकतात आणि एकाला उठावं लागतं. चौथीतला मुलगा आहे. तो खुर्चीला लाथ मारतो, "चीटिंग आहे" म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. कान लालबुंद झालेले. जवळ जाऊन "काय झालं रे?" म्हटलं तर "काही नाही". पुन्हा विचारलं तर "राग आला".

खरंच रागच आलेला असतो का? कधी असतोही. पण बऱ्याचदा तो सगळ्यांदेखत उठावं लागलं म्हणून ओशाळलेला असतो, जिंकायची आस लागली होती ती गेली म्हणून हिरमुसलेला असतो, मित्राने जागा दिली नाही हे मनाला लागलेलं असतं. त्याच्यापाशी शब्द मात्र दोनच असतात, 'मस्त' आणि 'राग'. मग मस्त नसलेलं सगळं रागाच्या खात्यात जमा होतं आणि मोठी माणसं त्याला 'रागीट' म्हणून मोकळी होतात.

मी गेली काही वर्षं आठ ते अकरा वयाच्या मुलांचा आठवड्यातून एक तास खेळगट घेते. ज्यांना असा गट पहिल्यांदाच सुरू करायचा आहे त्या शिक्षकांसाठी, शिबिरातल्या ताई-दादांसाठी आणि सोसायटीतल्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे. भावना समजाव्यात म्हणून वेगळे, खास खेळ शोधत बसायची गरज नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. राज्य येणं, बाद होणं, सोडवायला कुणीच न येणं हे सगळं आपल्या अंगणातल्या खेळांत ठासून भरलेलं आहे. आपलं काम असतं ते नेमक्या वेळी खेळ थांबवून त्या क्षणाला शब्द मिळवून देण्याचं.

आधी जमवाजमव

गटात १० ते १४ मुलं असावीत. आठापेक्षा कमी असली तर खेळाला गंमत येत नाही आणि पंधराच्या वर गेली की गोलात बोलायला प्रत्येकाची पाळी येत नाही. वयात तीन वर्षांहून जास्त अंतर नको. दोन मोठी माणसं हवीतच. एकाने खेळ घ्यायचा, दुसऱ्याने नुसतं बघायचं. कोण बोलावल्याशिवाय पुढे येत नाही, कोण हसत हसत मागे सरकतं, हे खेळ घेणाऱ्याला दिसत नाही, बघणाऱ्याला दिसतं.

जागा कुठलीही चालेल: वर्ग, पार्किंग, मंदिराचा सभामंडप. फक्त येणारे-जाणारे थांबून बघत बसतील अशी नको. आईबाबा दारात उभे असले तर मूल उत्तर देताना आधी त्यांच्याकडे बघतं, म्हणून त्यांना तास संपल्यावर यायला सांगा. सामान लागतं ते खडू, एक मोठा रुमाल, खुर्च्या आणि कागदाच्या चिठ्ठ्या. फोटो काढू नका. रडणाऱ्या किंवा लाजलेल्या मुलाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला की त्या मुलाचा तुमच्यावरचा भरवसा संपला.

गडी वाटण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नवी माणसं इथेच चुकतात. दोन कप्तान उभे करून "घ्या एकेक गडी" म्हटलं की शेवटी उरतो तो नेहमीचाच मुलगा. पुढचा तास तुम्ही कितीही प्रेमाने घ्या, त्याच्या मनात तो उरण्याचा क्षणच घर करून बसलेला असतो. त्यापेक्षा जुनी रीत चांगली. दोघादोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यायची, एक चंद्र, एक सूर्य. मग कप्तानाने "चंद्र हवा की सूर्य?" यातून निवडायचं. कप्तान नाव निवडतो, मूल निवडत नाही. एवढाही वेळ नसेल तर एक-दोन, एक-दोन मोजून मोकळे व्हा.

पहिल्या दिवशीचे नियम

नियम तीनच ठेवा आणि ते मुलांच्या तोंडात आधीपासून असलेल्या शब्दांत सांगा. पहिला, 'टाइम प्लीज' कुणीही, कधीही घेऊ शकतो, कारण सांगावं लागत नाही. दुसरा, गोलात बोलायचं नसेल तर 'पास' म्हणायचं, आणि पास म्हटल्यावर कुणी आग्रह करायचा नाही, ताईनेसुद्धा. तिसरा, इथे कुणी काही बोललं तर ते बाहेर चिडवायला वापरायचं नाही.

एक नियम आपल्यासाठीही आहे: "तू सांग, मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. "तुला त्रास होत असेल असं काही कळलं तर मी मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसाला सांगेन" हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगून ठेवा. ते का, ते पुढे येतंच.

'कच्चं लिंबू' ही आपल्याकडची किती मायेची सोय आहे! धाकटं भावंड खेळात असतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाला परस्पर कच्चं लिंबू करू नका. त्याला विचारा. माझ्या गटात पायाने अधू असलेल्या एका मुलीला इतर मुलांनी आपणहून कच्चं लिंबू केलं होतं, अगदी चांगल्या मनाने. ती म्हणाली, "मग मी खेळतेय कुठे?" तेव्हापासून आम्ही तिच्यासाठी नियम बदलतो. तिच्यावर राज्य असेल तेव्हा बाकीच्यांनी लंगडी घालत पळायचं.

शब्दांची पोतडी

पहिले दोन आठवडे शब्द गोळा करण्यात घालवा. एका मुलाला जमिनीवर आडवं झोपवून त्याच्याभोवती खडूने आकृती काढा. मग विचारा, "तुमच्यावर पहिल्यांदा राज्य आलं तेव्हा अंगात कुठे काय झालं?" मुलं धावत येऊन आकृतीवर खुणा करतात. पोटात गोळा. छातीत धडधड. घशात आवंढा. कान गरम. तळहात ओले. सुरुवात शरीरापासून करायची, कारण "तुला काय वाटलं?" याला मूल अडखळतं, पण "कुठे झालं?" याला लगेच बोट दाखवतं.

हे काही नवीन नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. घाम सुटणं, अंगावर काटा येणं, आवाज फुटेनासा होणं, कापरं भरणं, रंग उडणं, डोळ्यांत पाणी येणं, अशी ती सगळी शरीराचीच लक्षणं आहेत. आणि मनात येऊन-जाऊन राहणाऱ्या संचारी भावांची संख्या तिथे ३३ आहे. आपल्या मुलांना त्यातले चार-पाचच देऊन आपण थांबतो.

खुणा झाल्या की शब्द द्या, पण एका बैठकीत चार-पाचच. शेजारचे वाटणारे शब्द जोडीने दिले की फरक पटकन कळतो. भीती आणि धाकधूक. राग आणि वैताग. हेवा आणि मत्सर: तिची सायकल मलाही हवी, हा हेवा. तिची मोडली तर बरं, हा मत्सर. रुसणं आणि हिरमुसणं यातला फरक एका तिसरीतल्या मुलीने मला सांगितला. रुसलो की कुणी समजूत काढायला यावं असं वाटतं, हिरमुसलो की कुणीच येऊ नये असं वाटतं. मी तो तसाच्या तसा पुढच्या प्रत्येक गटाला सांगते.

इंग्रजी माध्यमातली मुलं 'बोअर', 'फ्रस्ट्रेट' म्हणतील. म्हणू द्या. 'कसंतरी होतंय', 'कसंनुसं झालं' हेही पूर्ण उत्तर आहे, ते खोडू नका. घरी वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलत असतील तर तिथला शब्द मुद्दाम मागा. 'आजी-आजोबांकडून एक शब्द आणा' हा एकच गृहपाठ मी देते. परदेशातल्या मराठी शाळांतही तो छान चालेल असं मला वाटतं, कारण तिथे आजीशी फोनवर काय बोलायचं हा प्रश्न मुलांना असतोच.

नाव दिल्याने काय होतं, असं पालक विचारतात. २००७ साली अमेरिकेत मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना भावना दिसणारे चेहरे दाखवले आणि मेंदूची प्रतिमा घेतली. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव दिलं तेव्हा अमिग्डाला या, धोक्याला चटकन प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या भागाची सक्रियता कमी झालेली दिसली. तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता, खेळाच्या मैदानावरचा नव्हता, एवढं लक्षात ठेवूनच तो पालकांना सांगा.

खेळ

तिसऱ्या आठवड्यापासून खेळ घ्या. सुरुवातीला 'मामाचं पत्र हरवलं' घ्या. तो सगळ्यांना येतो आणि मुलं आधीच गोलात बसलेली असतात. बदल इतकाच की रुमालात एक चिठ्ठी बांधायची, तिच्यावर पोतडीतला एक शब्द. पळापळी होऊन ज्याच्यावर राज्य येईल त्याने चिठ्ठी उघडायची, न बोलता तो शब्द अंगातून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. पाठीत धपाटा घालण्याची पद्धत मात्र सोडून द्या. ओळखताना मुलं वेगवेगळे शब्द सांगतील, त्यातला एकच बरोबर असं ठरवू नका. "तुला 'घाबरलेला' का वाटला?" "त्याने खांदे वर घेतले." "आणि तुला 'लाजलेला'?" "तो खाली बघत होता." दोन्ही खरं. काही मुलं घाबरली की हसतात. चेहरा बघून मन कळतंच असं नाही, म्हणून विचारावं लागतं, ही गोष्ट मुलांना या खेळातच कळते.

आता विषामृत. मला एकच खेळ निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. ज्याच्यावर राज्य तो शिवून 'विष' देतो, शिवलेला जागच्या जागी बसतो, आणि दुसऱ्या कुणी येऊन 'अमृत' दिलं की सुटतो. पहिला डाव नेहमीसारखा, न थांबवता, पाच-सात मिनिटं खेळू द्या. दुसऱ्या मोठ्या माणसाने या वेळात फक्त विष मिळालेल्यांकडे बघायचं.

एकदा आमच्या डावात एक मुलगी कठड्यापाशी बसली होती. बराच वेळ झाला, कुणी आलं नाही. तिने हाक मारली नाही. फरशीच्या फटीत बोट फिरवत बसून राहिली. तिच्यापासून चार पावलांवरचा मुलगा "अमृत! अमृत!" ओरडून तीनदा सुटला. टाळी वाजवून डाव थांबवला, सगळ्यांना आहे तिथेच बसवलं आणि विचारलं, "अमृताची वाट बघताना काय काय झालं?" मी तिचं नाव घेतलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. दोघं-तिघं बोलल्यावर ती आपणहून म्हणाली, "मला वाटलं मी खेळात आहे हे कुणाच्या लक्षातच नाही." मग एक मुलगा म्हणाला, "मला दिसत होतीस तू. पण राज्यवाला तिथेच होता, माझी तंतरली." दोन वाक्यांत दोन्ही बाजू मांडून झाल्या. तिला कुणी विसरलं नव्हतं, आणि त्याने दुष्टपणा केला नव्हता.

त्यानंतर दुसरा डाव एक नियम वाढवून घ्या: विष मिळालेल्याने हात वर करून कुणा एकाचं नाव घेऊन बोलवायचं. "कुणीतरी या" नाही, नाव घेऊन. हे किती जणांना जड जातं ते बघा. डाव संपल्यावर विचारा, नाव घेताना काय झालं? 'संकोच' हा शब्द इथे द्यायचा, आणि सुटल्यावर काय वाटलं त्याला 'हायसं वाटणं'. हे शब्द फळ्यावर लिहून शिकवले तर विसरले जातात. इथे मिळालेले मुलं विसरत नाहीत.

संगीत खुर्ची दोन तऱ्हांनी घ्या. एकदा नेहमीसारखी, बाद होण्याची. मग लगेच दुसरी: खुर्ची दर वेळी एक काढायची, पण बाद कुणीच नाही, सगळ्यांनी उरलेल्या खुर्च्यांवर मावायचं. शेवटी चार खुर्च्यांवर बारा मुलं, मांडीवर, एकमेकांना धरून. इथे नजर ठेवा. ज्यांना अंगाला स्पर्श नको असतो त्यांनी खुर्चीला नुसता हात लावला तरी चालेल, हे आधीच जाहीर करा. मग विचारा, कुठला डाव आवडला? सगळी मुलं दुसराच म्हणतील अशी अपेक्षा ठेवू नका. पुष्कळांना पहिला आवडतो. जिंकायची ईर्षा ही वाईट भावना नाही, तिलाही नाव हवं.

आंधळी कोशिंबीर मी जोडीने घेते. एकाच्या डोळ्यांवर रुमाल, दुसऱ्याने हात न लावता फक्त आवाजाने खोलीभर फिरवायचं, मग अदलाबदल. प्रश्न एकच: "जोडीदाराने काय केलं म्हणजे भीती कमी झाली?" उत्तरं भलतीच नेमकी येतात. 'तो गप्प झाला की भीती वाटायची.' रुमाल बांधायचा नसेल त्याने डोळे नुसते मिटावेत.

आणि पुतळे. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांनी शरीरातून चित्र उभं करण्याची जी पद्धत रुजवली, तिचं हे अगदी सोपं रूप. तिघा-चौघांनी मिळून 'डब्यात वाटेकरी', 'शेवटच्या बाकावर', 'निकालाचा दिवस' असा एखादा प्रसंग हलता न येणाऱ्या पुतळ्यांतून दाखवायचा. बघणाऱ्यांपैकी एकाने जाऊन एका पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, की त्या पुतळ्याने मनातलं एक वाक्य बोलायचं. मग विचारा, "यातला एक पुतळा थोडा हलवला तर चित्र बदलेल का?" हा खेळ दोन महिने झाल्यावरच घ्या, गट एकमेकांना सरावला पाहिजे.

गोलात बोलताना

खेळ ४० मिनिटं आणि बोलणं १० मिनिटं, हे प्रमाण धरा. बोलणं लांबलं की मुलं तुम्हाला हवं ते बोलू लागतात.

'का?' हा प्रश्न टाळा. "का रडलास?" मध्ये जाब विचारल्याचा सूर येतोच. "कुठे झालं?", "कधी सुरू झालं?", "तेव्हा काय हवं होतं?" हे तीन पुरतात. "रडू नकोस", "एवढं काय त्यात" आणि "रडीचा डाव" ही वाक्यं जिभेवर येतील, ती गिळा. मुलाने शब्द चुकीचा वापरला तरी दुरुस्त करू नका, शेजारी दुसरा ठेवा: "राग आला म्हणतोस. थोडं ओशाळल्यासारखंही झालं का?" तो "नाही" म्हणाला तर नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. पहिल्याच वर्षी, तिसऱ्याच बैठकीत मी गोलात विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त दुःख कधी झालं?" एका मुलीने घरातली एक फार जड गोष्ट सांगितली. कुणाला काय बोलावं सुचेना, दोघं खुदकन हसले, आणि मीही गडबडून पुढच्या मुलाकडे वळले. ती पुढचे दोन आठवडे आली नाही. आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं. तेव्हापासून मी विचारते ते फक्त आत्ता झालेल्या खेळाबद्दल. घरची गोष्ट मुलाने आपणहून काढली तर ऐकते, "सांगितलंस, बरं केलंस" म्हणते, आणि तास संपल्यावर त्याच्याशी एकटीने बोलते.

मुलाला मारहाण होते आहे, नको तसा स्पर्श होतो आहे असं काही कळलं तर ते खेळगटात सोडवायचं काम नव्हे. खोदून विचारू नका, मुलाने वापरलेले शब्द तसेच लिहून ठेवा आणि त्याच दिवशी पुढे कळवा. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. 'घरच्यांची अब्रू', 'शाळेचं नाव' ही कारणं तिथे चालत नाहीत. मूल किंवा पालक मनाने खचलेले दिसले तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. हे दोन्ही आकडे पहिल्या दिवशीच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

काही मुलांना गोल, आरडाओरडा, नजरेला नजर हे सोसत नाही. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना तर नाहीच. त्यांना गुणलेखक करा, टाळीचं काम द्या, चिठ्ठ्या काढू द्या. तीही खेळातच असतात. आणि पोतडीतल्या शब्दांवर गुण, तारे, बक्षिसं ठेवू नका. बक्षीस लावलं की मुलं भावनांचाही अभिनय करू लागतात.

मोठ्यांच्या गटासाठी वेगळं काही लिहीत नाही, खेळ तेच चालतात. आपल्या बायकांनी मंगळागौरीच्या आणि भोंडल्याच्या गाण्यांतून सासरचा जाच, माहेरची ओढ पिढ्यान्‌पिढ्या गोलात फेर धरूनच बोलून दाखवली आहे.

प्रत्येक तासानंतर, मुलं गेल्या गेल्या, चप्पल घालायच्या आधी तुम्ही दोघांनी तीन ओळी लिहा: आज कोण बोललं नाही, कुठला शब्द मुलांनी आपणहून वापरला, कुठे खेळ लवकर किंवा उशिरा थांबवला. पुढच्या आठवड्याचा खेळ त्या तीन ओळींवरून ठरवायचा. माझ्या वहीत परवाची नोंद अशी आहे: 'कठड्यापाशी बसणाऱ्या मुलीने आज हात वर केला, नाव घेतलं, आवाज बारीक. त्याला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा घेतलं.' पुढच्या शनिवारी पुन्हा विषामृतच घेणार आहे.